अडतीस पानांचा करार आणि माझा एक पानाचा कागद

२०२३ च्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी मला मुंबईहून फोन आला. चित्रपट आणि वेब-मालिका तयार करणाऱ्या एका संस्थेतला तरुण बोलत होता. नागपूर हे त्याचे आजोळ. मामाच्या कपाटात त्याला माझी कादंबरी सापडली होती आणि दोन रात्रींत त्याने ती वाचून काढली होती. २००९ साली निघालेल्या, एका आवृत्तीनंतर कोणी विचारलेही नाही अशा पुस्तकाबद्दल कोणी इतक्या आपुलकीने बोलते आहे, हेच मला पुरेसे होते. दिवसा एम्प्रेस मिल या कापडगिरणीत साच्यावर उभा राहणारा आणि रात्री खडी गंमत या वैदर्भी लोकनाट्यात डफ घेऊन उभा राहणारा एक शाहीर हा त्या कादंबरीचा नायक आहे. त्यावर चित्रपट करायचा त्या मंडळींचा विचार होता.

दहा दिवसांत ईमेलने अडतीस पानांचा इंग्रजी करार आला. 'स्टँडर्ड आहे सर, सगळे लेखक यावरच सही करतात,' असे त्या तरुणाने सांगितले आणि मी सही करायला बसलोही होतो. महालेखापाल कार्यालयात दुसऱ्यांच्या कागदांवर आक्षेप काढण्यात माझी एकतीस वर्षे गेली, पण स्वतःच्या बाबतीत पहिल्या पानावरची रक्कम आणि शेवटच्या पानावरची सहीची जागा एवढेच मी पाहिले. मला अडवले ते विदर्भ साहित्य संघात नेहमी भेटणाऱ्या एका मित्राने. झाशी राणी चौकात, संघाच्या इमारतीबाहेर चहा घेताना तो म्हणाला, 'अरे, प्लॉट विकताना तू वकील लावला होतास ना? मग कादंबरी विकताना का नाही?'

प्लॉटच्या वेळचे वकीलसाहेब धंतोलीत बसतात. त्यांनी तीन पाने वाचली, चष्मा काढला आणि हे आपल्या पठडीतले काम नाही, असे प्रांजळपणे सांगितले. नागपुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालय आहे आणि वकिलांची वाण नाही. परंतु जमीन, नोकरीविषयक वाद, फौजदारी, मोटार अपघात हे इथले नेहमीचे विषय. मनोरंजन-कायदा हा शब्दच मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. शिवाय आपल्याकडे वकिलांना स्वतःची जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे पाटी पाहून कोणाकडे जावे तर तेही शक्य नव्हते. शेवटी धंतोलीच्या वकीलसाहेबांच्याच एका ज्युनियरने आपल्या वर्गमैत्रिणीचे नाव सुचवले. मुंबईत सात वर्षे अशाच कामाचा अनुभव घेऊन, आईच्या आजारपणामुळे ती नागपूरला परतली होती आणि धरमपेठेतल्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीतून काम करत होती.

वयाने ती माझ्या मुलीएवढी. मी तिला मॅडम म्हणत असे आणि ती मला सर; हे अंतर शेवटपर्यंत तसेच राहिले आणि ते बरेच झाले, कारण पुढे तिने मला जे प्रश्न विचारले ते मुलीने बापाला विचारले असते तर घरात भांडण झाले असते. पहिल्या भेटीत मीच तिला विचारले की या कामात नेमके करायचे काय असते, कारण मनोरंजनाचा वकील म्हणजे नटनट्यांचे खटले लढवणारा, अशी माझी समजूत होती. मॅडमच्या सांगण्याप्रमाणे कोर्टात जावे लागले तर निम्मे काम आधीच फसलेले असते. तिचा दिवस करार लिहिण्यात, दुसऱ्याने लिहिलेले करार वाचण्यात आणि कोणता हक्क कोणाकडे आहे ते शोधण्यात जातो. त्या आठवड्यात तिच्या टेबलावर एका गायिकेचा म्युझिक कंपनीशी झालेला करार होता, वडसा भागातल्या एका झाडीपट्टी नाटकमंडळीला कलावंतांशी करायचा हंगामाचा करार होता (तो आजवर तोंडीच चालत आला होता), आणि नववर्षाच्या पार्टीत वाजवायच्या गाण्यांसाठी एका हॉटेलाला कोणते परवाने लागतील याची विचारणा होती. लग्नात आणि वरातीत वाजणाऱ्या गाण्यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येच सूट आहे, पण नववर्षाच्या पार्टीला ती नाही, हे मला तिथेच कळले.

फीचा विषय निघाला तेव्हा मी मोठ्या उदारपणे म्हणालो की मिळतील त्यातले दहा टक्के घ्या. तिने साफ नकार दिला. हॉलिवूडमध्ये वकील व्यवहाराच्या रकमेतून पाच टक्के घेतात, पण ती तिकडची रीत. आपल्याकडे वकिलाच्या फीला वेगळे नियम आहेत, शिवाय माझा व्यवहार मोठा व्हावा असा तिचाच स्वार्थ झाला तर 'सही करू नका' असे ती मला कोणत्या तोंडाने सांगणार, असा तिचा प्रश्न होता. फी ठोक ठरली आणि ती मला परवडण्यासारखी होती.

त्यानंतर मला वाटले की ती आता मुंबईच्या करारावर तुटून पडेल. तिने मात्र तो बाजूला ठेवला आणि माझेच कागद मागितले. 'जमीन घेताना तीस वर्षांचा सर्च घेतात, सातबारा बघतात, फेरफार बघतात. कादंबरीचा सातबारा दाखवा,' असे ती म्हणाली. चित्रपटवाले याला चेन ऑफ टायटल म्हणतात. लेखकापासून निर्मात्यापर्यंत हक्काची साखळी कुठे तुटलेली नाही, हे सिद्ध झाल्याखेरीज पैसा लावणारा पैसा लावत नाही आणि दाखवणारा चित्रपट विकत घेत नाही. माझ्या साखळीची पहिलीच कडी होती प्रकाशकाने २००९ साली माझ्याकडून सही करून घेतलेले एक पानाचे पत्र. त्यात 'सदर कादंबरीचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील' असे एक वाक्य होते. ते मी चौदा वर्षांपूर्वी वाचले असेन, पण त्या दिवशी तिने ते मोठ्याने वाचले तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. जे मी विकायला निघालो होतो ते माझे होते की नव्हते?

कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि त्यातले कलम १९ आता मला जवळजवळ पाठ आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश हे त्यात स्पष्ट लिहावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. माझ्या पत्रात मुदतीचा उल्लेखच नव्हता. म्हणजे ते सर्व हक्क खरोखरच गेले होते असे क्षणभर मानले, तरी २०१४ साली ते माझ्याकडे परतले होते आणि पुढची नऊ वर्षे मी त्यांचा मालक असूनही मला त्याचा पत्ता नव्हता.

कायदा बाजूने असला तरी कागद लागतोच, म्हणून मी प्रकाशकाकडे गेलो. मूळ प्रकाशक आता हयात नाहीत. त्यांचा मुलगा व्यवसाय पाहतो. चित्रपटाचे नाव काढताच त्याने अर्धा वाटा मागितला, आणि पुस्तकाच्या आतल्या पानावरची 'सर्व हक्क सुरक्षित' ही ओळ बोटाने दाखवली. मी तावातावाने बोलून परत आलो. मॅडमने मात्र त्याला दीड पानाचे शांत पत्र लिहिले, त्यात कलम १९ ची दोन पोटकलमे उद्धृत केली, आणि शेवटी एक प्रस्ताव ठेवला: त्याने ना-हरकत पत्र द्यावे, मी त्याला नव्या आवृत्तीचा पहिला अधिकार देतो, चित्रपट आला तर पुस्तक पुन्हा विकले जाईलच. तीन आठवड्यांनी पत्र मिळाले. वादात जिंकण्यापेक्षा समोरच्याला सही करण्याचे कारण द्यावे लागते, हे या वकिलीचे कसब मी त्या वेळी प्रत्यक्ष पाहिले.

ते पत्र हाती आल्यावर कादंबरीची कॉपीराइट नोंदणीही करून घेतली. नोंदणी सक्तीची नाही, लिहिल्याक्षणी हक्क निर्माण होतो, पण नोंदवहीतला उतारा हा प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. अर्ज ऑनलाइन, शुल्क पाचशे रुपये, आणि कोणाची हरकत येते का ते पाहण्यासाठी तीस दिवसांची वाट. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही.

यानंतर तिने कादंबरीच वाचायला घेतली, आणि समीक्षक वाचतो तशी नव्हे. पेन्सिलीने खुणा केलेली प्रत तिने माझ्यापुढे ठेवली. एका प्रकरणाच्या सुरुवातीला मी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनातल्या चार ओळी दिल्या आहेत. विदर्भात ज्याचे बालपण गेले त्याला ही भजने कोणाच्या मालकीची असतील हा विचार सुचतच नाही; ती सकाळच्या हवेसारखी असतात. पण महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून साठ वर्षे कॉपीराइट चालतो, म्हणजे २०२८ सालाच्या अखेरपर्यंत. संत तुकारामांचा अभंग घेतला असता तर प्रश्नच नव्हता. चित्रपटात त्या ओळी कोणी गायल्या तर निर्मात्याला स्वतंत्र परवानगी काढावी लागेल, आणि मी जर 'पुस्तकातील प्रत्येक शब्द माझा आहे' अशी हमी देऊन बसलो तर भरपाई मला द्यावी लागेल. त्या चार ओळी परिशिष्टात 'लेखकाच्या मालकीच्या नाहीत' अशा शीर्षकाखाली गेल्या.

दुसरी खूण होती ती माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणाची. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या मुलांनी कादंबरीतल्या दोन प्रकरणांवर एकांकिका केली होती. मी तोंडी परवानगी दिली, प्रयोगाला गेलो, नारळ-शाल घेऊन आलो. त्या संहितेतला एक प्रसंग मूळ कादंबरीत नाही, तो संहिता लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने रचलेला आहे, आणि मुंबईच्या तरुणाशी बोलताना तोच प्रसंग मी आपला म्हणून रंगवून सांगितला होता! तो विद्यार्थी आता पुण्यात नोकरी करतो. त्याला फोन करून सगळे कबूल केले आणि तो प्रसंग चित्रपटात घेतल्यास त्याला श्रेय आणि मोबदला मिळेल असे पत्र करून घेतले.

तिसरी खूण सर्वांत नाजूक होती. नायक काल्पनिक असला तरी तो घडला एका खऱ्या माणसावरून. गोळीबार चौकाच्या बाजूला राहणारे ते मिलमधले कामगार आणि शाहीर माझ्या वडिलांचे स्नेही होते. मॅडमने मला नागपुरातच चित्रित झालेल्या 'झुंड'चे उदाहरण दिले. आपल्या शहरातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कामावरचा तो चित्रपट, पण त्यातल्या एका खेळाडूच्या जीवनकथेचे हक्क आधीच आपण घेतले आहेत असा दावा तेलंगणातल्या एका निर्मात्याने केला, २०२० साली तिथल्या न्यायालयाने प्रदर्शनाला मनाई केली आणि चित्रपट पडद्यावर यायला मार्च २०२२ उजाडला. त्यामुळे खऱ्या माणसाचा वास जरी आला तरी निर्माते संमतीपत्र मागतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली ऑटो शंकर या कैद्याच्या आत्मचरित्राच्या प्रकरणात सांगितले आहे की सार्वजनिक दप्तरात असलेल्या गोष्टी संमतीशिवाय लिहिता येतात. त्यापलीकडच्या खाजगी आयुष्यासाठी संमती लागते. आमच्या शाहिरांची कुठल्या दप्तरात नोंद असणार? मिलच्या हजेरीपटावर असेल तेवढीच.

त्यांच्या मुलीकडे आम्ही दोघे गेलो. तिने चहा केला, कागद आपल्या नातवाकडून वाचून घेतला आणि एका शब्दावर अडकली. 'ही व्यक्तिरेखा काल्पनिक आहे' असे त्यात लिहिले होते. ती म्हणाली, 'काल्पनिक कायले? आमचा बाबा का खोटा होता? त्याईचं नाव लावजा, लपवू नका.' आम्ही तिच्या कुटुंबाची बदनामी होऊ नये म्हणून नाव झाकायला गेलो होतो आणि तिला ते नाव पडद्यावर हवे होते. मॅडम थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने कागद परत घेतला आणि दुसऱ्या दिवशी नवा आणला: पात्राचे नाव आणि घटना काल्पनिक राहतील, पण चित्रपटाच्या सुरुवातीला त्या शाहिरांच्या स्मृतीस अर्पण अशी पाटी असेल. मुलीने अंगठा नव्हे, सही केली, आणि ती करताना पूर्ण नाव लिहिले, बापाच्या नावासकट.

आता कुठे आम्ही अडतीस पानांकडे वळलो. हा विक्रीचा करार नसून ऑप्शनचा होता, हेही मला आधी कळले नव्हते. अठरा महिने कादंबरी दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, त्याबद्दल पंच्याहत्तर हजार रुपये. त्या मुदतीत निर्मात्याने ठरवले तर ठरलेली मोठी रक्कम देऊन हक्क विकत घ्यायचे. प्लॉटचे बयाणे आणि विसारपावती ज्याने पाहिली आहे त्याला हे समजायला जड नाही.

विकण्याच्या भागात मात्र एक ओळ अशी होती की कलम १९ चे चौथे पोटकलम या कराराला लागू होणार नाही. मी ती वाचून पुढे गेलो असतो. ते पोटकलम सांगते की हक्क घेणाऱ्याने एका वर्षात तो वापरला नाही आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर तो हक्क आपोआप संपतो. म्हणजे त्या एका ओळीने कादंबरी त्यांच्या कपाटात कायमची कुलूपबंद झाली असती. मॅडमने ओळ नुसती काढून टाकण्याचा हट्ट धरला नाही. एका वर्षात चित्रपट होत नाही हे तिला ठाऊक होते. तिने त्या ओळीच्या जागी घातले की हक्क खरेदी केल्यापासून पाच वर्षांत चित्रीकरण सुरू झाले नाही तर सर्व हक्क पैसे परत न करता लेखकाकडे येतील.

लेखकाने आपले नैतिक हक्क सोडून द्यावेत, असे करारात एक कलम होते. कायद्याचे कलम ५७ लेखकाला दोन गोष्टी देते: कृती आपली असल्याचे सांगण्याचा हक्क, आणि तिची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला बाधा येत असेल तर दाद मागण्याचा हक्क. मन्नू भंडारी यांच्या कादंबरीवरील चित्रपटाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ सालीच म्हटले आहे की चित्रपटाचे हक्क विकले तरी कलम ५७ उरते आणि करार त्याच्या अधीन राहूनच वाचायचा. मग करारातले ते कलम राहिले तरी काय बिघडले, असे मी विचारले. 'सर, कोर्टात टिकणार नाही म्हणून सही करायची, तर मग कोर्टात जायची तयारी ठेवा,' असे तिचे उत्तर होते. करारातले ते कलम गेले; बदल्यात, पटकथेसाठी लागणारे बदल मी मोडतोड मानणार नाही, असे मी लिहून दिले.

मुंबईच्या बाजूनेही एक वकीलच होती, आणि दोघींच्या ऑनलाइन बैठका ऐकणे हा माझ्यासाठी एक निराळाच अनुभव होता. आवाज चढत नसे. लाल-निळ्या दुरुस्त्यांनी भरलेली प्रत इकडून तिकडे सात वेळा गेली. रंगभूमी, छापील पुस्तक आणि ऑडिओबुक हे हक्क माझ्याकडे राहिले. माझ्यावरची भरपाईची अमर्याद जबाबदारी मला मिळालेल्या रकमेपुरती मर्यादित झाली. श्रेयनामावलीत माझे नाव 'यांच्या कादंबरीवर आधारित' असे, स्वतंत्र पाटीवर आणि मराठीत येईल, हेही ठरले. दोन ठिकाणी मात्र आम्ही हरलो. वाद झाल्यास लवाद मुंबईतच बसणार, आणि मला पैसे मागता येतील पण प्रदर्शन थांबवण्यासाठी मनाई हुकूम मागता येणार नाही. दुसऱ्या मुद्द्यावर मी चिडलो होतो. एका माणसाच्या नाराजीवर कोट्यवधींचा चित्रपट अडकू शकतो असे दिसले तर पैसा लावणारेच येणार नाहीत, त्यामुळे ही अट कोणताही निर्माता सोडत नाही, असे तिने समजावले. मला ते आजही पूर्ण पटलेले नाही.

मधल्या काळात माझ्या हातून आणखी एक चूक झाली. त्या तरुणाने फोनवर सहज विचारले आणि मी पुढच्या कादंबरीचे कथानक तासभर सांगितले. मॅडम त्या दिवशी खरोखर रागावली. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद प्रकरणात १९७८ साली स्पष्ट केलेले आहे; लिहिण्याआधी सांगितलेली गोष्ट वाऱ्यावर सोडल्यासारखीच. त्याच रात्री, मी सांगितलेल्या कथानकाचा गोषवारा तिने मला तारखेसह त्या तरुणाला ईमेल करायला लावला, म्हणजे निदान काय आणि केव्हा सांगितले याची नोंद राहील.

एप्रिल २०२४ मध्ये सह्या झाल्या. करार तोवर एकोणपन्नास पानांचा झाला होता आणि प्रत्येक पानावर सही करताना माझा हात दुखून आला. दहा टक्के कर कापून सदुसष्ट हजार पाचशे रुपये खात्यात जमा झाले. प्रकाशकाच्या मुलाला पेढे दिले. त्याने नव्या आवृत्तीचा करार पुढे केला, आणि तोही एकाच पानाचा होता. मी तो घडी करून खिशात ठेवला आणि धरमपेठेत नेऊन दिला.

ऑप्शनची मूळ मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपत होती. चित्रपट तोवर उभा राहिला नव्हता. संपण्याच्या नऊ दिवस आधी मुंबईहून सहा महिन्यांच्या मुदतवाढीची विनंती आली, मोबदल्याविना. मॅडमने एका ओळीत उत्तर लिहिले की करारातील मुदतवाढीची रक्कम जमा होताच मुदत वाढेल. आठव्या दिवशी ती जमा झाली. शाहिरांच्या मुलीचा नातू अधूनमधून फोन करून विचारतो की पाटी केव्हा लागणार, आणि मी त्याला खरे ते सांगतो की अजून कॅमेराच लागलेला नाही.